बीअर्सच्या पुस्तकाने नेमकं काय बदललं?

प्रश्न असा आलाय: "एका बऱ्या झालेल्या पेशंटने १९०८ साली पुस्तक लिहिलं आणि त्यामुळे अमेरिकेतली मेंटल हॉस्पिटलं सुधारली असं कुठेतरी वाचलं. खरंय का? आणि आपल्याकडे त्याचा काही संबंध लागतो का?"

अर्धं खरं आहे. पेशंट खरा, पुस्तक खरं, चळवळही खरी, पण "हॉस्पिटलं सुधारली" हे मात्र जपूनच घ्या. मी सायकियाट्रिक सोशल वर्कर, नोकरीची बहुतेक वर्षं मेंटल हॉस्पिटलच्या वॉर्डात आणि नंतर ट्रेनिंगला येणाऱ्या मुलामुलींना शिकवण्यात गेली, आणि दर बॅचला या पेशंटची, म्हणजे क्लिफर्ड बीअर्सची, गोष्ट सांगितल्याशिवाय मी पुढे जात नाही, तेव्हा जरा लांबण लागणार आहे.

बीअर्स न्यू हेवनचा, कनेक्टिकट राज्यातला, जन्म १८७६. येलच्या शेफील्ड सायंटिफिक स्कूलमधून १८९७ ला ग्रॅज्युएट झाला. घरात एका भावाला फिट्स यायला लागल्या होत्या, याने ते जवळून बघितलं आणि आपल्यालाही हेच होणार या भीतीने त्याला आतून पोखरलं. जून १९०० मध्ये त्याने घराच्या वरच्या मजल्यावरून जीव द्यायचा प्रयत्न केला, पावलांची हाडं मोडली, पण वाचला. तो भाऊ त्यानंतर काही दिवसांतच गेला.

पुढचं जे आहे ते आमच्या क्षेत्रातल्या कुणालाही लगेच ओळखू येईल. त्याला वाटायला लागलं की आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा, म्हणजे आता आपल्यावर खटला आहे, आजूबाजूचे सगळे डिटेक्टिव्ह आहेत आणि भेटायला येणारे घरचे लोक म्हणजे त्यांच्यासारखे दिसणारे तोतये. (हसू नका, आपल्याकडे आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा धरणारं कलम ३०९ इतकी वर्षं होतं की अजूनही शुद्धीवर आलेला माणूस पहिल्यांदा "पोलीस येणार का हो?" हेच विचारतो. २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर कायद्यात कलम ११५ आलं, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही, तरी नातेवाइकांच्या मनातली भीती काही गेलेली नाही.) दोन वर्षांहून जास्त काळ तो या अवस्थेत होता, त्याने स्वतः नंतर हिशोब केला तो ७९८ दिवसांचा, त्यातला बराचसा काळ तोंडातून शब्द नाही.

आणि मग ऑगस्ट १९०२. हा प्रसंग मी मुलांना सावकाश सांगते. भाऊ जॉर्ज भेटून गेला होता, याला खात्री नाही की तो खरा जॉर्ज की तोतया. याने काय करावं, तर दुसऱ्या एका पेशंटकडून भावाचा खरा पत्ता शोधून घेतला आणि त्या पत्त्यावर पत्र टाकलं. पत्रात लिहिलं की अमुक दिवशी माझा भाऊ म्हणवणारा एक माणूस येऊन गेला, तो तूच असशील तर पुढच्या वेळी हेच पत्र पासपोर्ट म्हणून बरोबर घेऊन ये. ३० ऑगस्टला जॉर्ज आला, खिशातून पत्र काढून दाखवलं, आणि दोन वर्षांचा तो सगळा डोलारा त्या एका भेटीत कोसळला.

बघा, औषध नाही, कुणी डॉक्टरने समजूत घातली म्हणून नाही. भ्रम असलेल्या माणसाच्या आत तपासून बघणारं डोकं शाबूत असतं हे यातून जितकं कळतं तितकं कुठल्या टेक्स्टबुकातून कळत नाही. वॉर्डात "हा माझा भाऊ नव्हेच" म्हणणारा पेशंट आला की नवीन स्टाफ लगेच वाद घालायला लागतो, अहो हाच तुमचा भाऊ, बघा ना नीट. त्याने काहीही होत नाही, उलट वाद घालणाराही कटातलाच ठरतो. जॉर्जने वाद घातला नाही, सांगितलेली वस्तू आणून दाखवली. अर्थात प्रत्येकाच्या बाबतीत असं पत्र चालत नाही, आजार तेव्हा ओसरायला लागलेला असणार, हे पण खरं.

पण बरा झाला म्हणावं तर तसंही नाही. डिप्रेशनमधून उठला तो थेट दुसऱ्या टोकाला गेला, आज आपण मॅनिया म्हणू तसा. झोप नाही, अखंड लिहिणं, कागद पुरेना तेव्हा पुडे बांधायच्या कागदाच्या पट्ट्या चिकटवून कित्येक फूट लांबीची पत्रं. याच काळात त्याला कॅमिसोल घालून ठेवलं. कॅमिसोल म्हणजे जाड कॅनव्हासचं अंगरख्यासारखं जाकीट, बाह्यांची टोकं शिवून बंद, हात पोटावर आडवे घेऊन दोऱ्या मागे बांधायच्या. त्याला ते इतकं घट्ट बांधलं होतं की एक हात सुजून बधिर झाला आणि सैल करा म्हणून ओरडला तर ते ओरडणंच वेडाचा पुरावा ठरलं. पुढे मिडलटाऊनच्या सरकारी हॉस्पिटलात तर तो मुद्दाम भांडण काढून व्हायलंट वॉर्डात गेला, आत काय चालतं ते बघायला. अटेंडंट पेशंटना कसे मारतात, थंडीत कपडे कसे काढून घेतात, सगळं बघितलं आणि राज्याच्या गव्हर्नरला पत्र लिहिलं. सप्टेंबर १९०३ ला सुटला.

एक गोष्ट या पुस्तकाबद्दल बोलताना लोक हमखास सोडून देतात आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. बीअर्स तीन ठिकाणी राहिला होता आणि तिन्ही वेगळ्या जातीची होती. पहिलं स्टॅमफर्डचं खाजगी, नफ्यावर चालणारं. दुसरं हार्टफर्ड रिट्रीट, खाजगीच पण धर्मादाय, १८२४ पासूनचं, नावाजलेलं. तिसरं मिडलटाऊनचं सरकारी. आणि मार तिन्हीकडे होता. म्हणजे "पैसे टाकले की चांगली देखभाल मिळते" आणि "सरकारी आहे म्हणून असं होतं" हे दोन्ही समज त्याच्या अनुभवाने निकालात निघतात. अटेंडंटना तुटपुंजा पगार, ट्रेनिंग शून्य, वर कुणी विचारणारं नाही, आणि पेशंटच्या तक्रारीवर कुणी विश्वास ठेवणार नाही याची पक्की खात्री, एवढं जमून आलं की दारावरची पाटी कुणाची आहे याने फरक पडत नाही. आजही आमच्याकडे नातेवाईक विचारतात, मॅडम प्रायव्हेटला हलवू का, तिकडे तरी नीट बघतील. मी त्यांना रात्रपाळीला किती माणसं असतात आणि भेटायला कधीही येऊ देतात का एवढं विचारून घ्या म्हणून सांगते.

आता चळवळीकडे.

बीअर्सच्या आधी कुणी ओरडलंच नाही असं अजिबात नाही. डोरोथिया डिक्सने १८४० च्या दशकात जेलमध्ये आणि गरीबखान्यात डांबलेल्या वेड्यांसाठी राज्याराज्यांत हॉस्पिटलं बांधून घेतली. एलिझाबेथ पॅकार्डला नवऱ्याने १८६० मध्ये असायलममध्ये, म्हणजे तेव्हाच्या वेड्यांच्या इस्पितळात टाकलं, बाहेर आल्यावर तिने पुस्तकं लिहून आणि विधिमंडळांच्या पायऱ्या झिजवून कायदे बदलून घेतले, आणि डॉक्टर मंडळींनी तिचा मनापासून तिरस्कार केला. १८८७ मध्ये नेली ब्लाय ही पत्रकार वेडाचं सोंग घेऊन न्यूयॉर्कच्या ब्लॅकवेल्स आयलंडवर दहा दिवस राहून आली, मोठा गाजावाजा झाला, बजेट वाढलं.

बीअर्सने वेगळं काय केलं, तर त्याने राग गिळला. हे मी कौतुकाने म्हणतेय आणि थोडं नाराजीनेही, ते पुढे येईलच. सुटल्यावर तो पुन्हा नोकरीला लागला, १९०५ च्या सुरुवातीला परत मन उसळायला लागलं तेव्हा घरच्यांच्या सांगण्यावरून स्वतःहून काही आठवडे हार्टफर्डला जाऊन राहिला आणि मग पुस्तक हातात घेतलं. कच्चा मसुदा घेऊन थेट मोठ्या लोकांकडे गेला. विल्यम जेम्स, हार्वर्डचे, मानसशास्त्रातलं तेव्हाचं सगळ्यात वजनदार नाव, त्यांनी १९०६ मध्ये शाबासकीचं पत्र दिलं, ते पुस्तकाला प्रस्तावना म्हणून लागलं. अडॉल्फ मायर, त्या पिढीतला अमेरिकेतला सगळ्यात मानला जाणारा मानसोपचारतज्ज्ञ, त्याला मसुदा दाखवला, त्याच्या सूचनांवरून बदल केले. हॉस्पिटलांची आणि डॉक्टरांची नावं पुस्तकात नाहीतच. 'अ माइंड दॅट फाउंड इटसेल्फ' मार्च १९०८ मध्ये आलं तेव्हा त्याच्यावर तुटून पडायला डॉक्टरांकडे कारणच उरलं नव्हतं, कारण त्यांच्यातले बडे लोक आधीच त्याच्या बाजूला उभे होते. पॅकार्डबाईंना हे कधीच मिळालं नाही. आता तो येलचा पुरुष होता आणि त्या नवऱ्याच्या घरातून हाकललेल्या बाई होत्या, यानेही फरक पडलाच असणार, तेवढं लक्षात ठेवूनच बीअर्सच्या हुशारीचं कौतुक करावं.

६ मे १९०८ ला न्यू हेवनमध्ये मूठभर लोक एका घरी जमले आणि कनेक्टिकट सोसायटी फॉर मेंटल हायजीन (मेंटल हायजीन म्हणजे मनाचं आरोग्य राखणं) निघाली. नाव मायरने सुचवलेलं. आधी एका राज्यात काम करून दाखवा, मग देशभर जा, हाही त्याचाच सल्ला. पण बीअर्सला धीर कुठला, १९ फेब्रुवारी १९०९ ला नॅशनल कमिटी उभी राहिलीसुद्धा. त्यात मायर, जेम्स आणि शिकागोच्या हल हाऊस या समाजसेवा केंद्रातल्या ज्यूलिया लॅथ्रॉपसारखी माणसं. कमिटी कशी चालवायची यावरून मायर आणि बीअर्सचं लवकरच बिनसलं आणि मायर बाजूला झाला. पैसा सुरुवातीला नव्हताच, मग हेन्री फिप्स या पोलादवाल्या धनिकाने ५०,००० डॉलर दिले आणि गाडी रुळावर आली. याच फिप्सच्या देणगीतून जॉन्स हॉपकिन्सला सायकियाट्रिक क्लिनिक झालं, १९१३ मध्ये उघडलं, मायर तिथे प्रमुख. न्यू हेवनमध्ये त्याच साली बाहेरून येऊन दाखवून जाता येईल असं क्लिनिक सुरू झालं. आज आपण ओपीडी हा शब्द इतका सहज वापरतो, पण तेव्हा मानसिक आजार म्हणजे भरतीच असायची.

कमिटीचं खरं भरीव काम डॉ. थॉमस सामनच्या काळात झालं. हा माणूस एलिस आयलंडवर येणाऱ्या स्थलांतरितांची तपासणी करणाऱ्या सरकारी वैद्यकीय सेवेतून आला होता. त्याने काय केलं, तर भाषणं कमी आणि सर्व्हे जास्त. राज्याराज्यांत जाऊन मोजदाद: किती मनोरुग्ण हॉस्पिटलात, किती गरीबखान्यात, किती चक्क काउंटीच्या जेलमध्ये, कुणावर गुन्हा नसताना. हे आकडे हातात असले की आमदाराला टाळता येत नाही. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरल्यावर सामन इंग्लंडला जाऊन शेल शॉकवर, म्हणजे लढाईच्या धक्क्याने सैनिकांचं मन कोलमडायचं त्यावर, उपचार कसे करतात ते बघून आला, त्यावरूनच पुढे आघाडीच्या जवळच उपचार करून सैनिकाला परत उभं करायची पद्धत बसवली गेली. आणि १९१८ मध्ये कमिटीने मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेबरोबर हॉस्पिटलांसाठी आकडेवारीचं एक मॅन्युअल काढलं, त्यात आजारांचे २२ गट होते. आज आम्ही मानसिक आजारांच्या निदानाचं जे अमेरिकन मॅन्युअल, डीएसएम, उघडून बसतो त्याचं घराणं तिथून सुरू होतं.

"मन निरोगी ठेवा, आजार आधीच टाळा" असा या मंडळींचा सूर होता तो नुसता भाबडेपणा नव्हता. त्या काळच्या असायलममध्ये जनरल पॅरेसिसचे, म्हणजे सिफिलिस मेंदूपर्यंत गेलेले पेशंट ढिगाने होते, आणि १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांनी अशा मेंदूंत सिफिलिसचा जंतूच दाखवून दिला. पेलाग्रा नावाचा आजार दक्षिणेकडच्या असायलममध्ये माणसं मारत होता, गोल्डबर्गरने तो निकृष्ट आहारामुळे होतो हे दाखवलं. म्हणजे वेडाचे दोन मोठे प्रकार टाळता येण्यासारखे निघाले. समोर टीबीविरुद्धच्या मोहिमेचं ताजं उदाहरण होतं. मग बाकीचंही असंच टाळता येईल असं वाटणं साहजिक होतं. मुलांपासून सुरुवात करू, शाळांतून करू, मुलांच्या मनाच्या आणि वागण्याच्या अडचणी बघणारी चाइल्ड गायडन्स क्लिनिकं काढू. १९२० च्या दशकात कॉमनवेल्थ फंड या अमेरिकन धर्मादाय संस्थेच्या पैशातून ती निघालीही.

आणि इथेच माझी नाराजी. ज्या माणसाने कॅमिसोलमध्ये रात्री काढल्या त्याची चळवळ हळूहळू शाळेतल्या हट्टी मुलांकडे वळली आणि व्हायलंट वॉर्डातला पेशंट मागे राहिला. आकडे बघा. १९०४ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांत सुमारे १,५०,००० माणसं होती. १९५५ मध्ये एकट्या सरकारी मेंटल हॉस्पिटलांत ५,५०,००० च्या वर. लोकसंख्या वाढली हे धरूनही हे भयंकर आहे. तेव्हा प्रश्नकर्त्याला सरळ उत्तर: हॉस्पिटलं सुधारली म्हणण्यापेक्षा हॉस्पिटलांबद्दल बोलणं, मोजणं, पैसे मागणं हे सभ्य लोकांचं काम झालं. हेही थोडं नाही, पण पुस्तक वाचून कुणाचं जाकीट सुटलं असं मात्र सहसा झालं नाही.

दुसरा डाग युजेनिक्सचा, म्हणजे कुणाला मुलं व्हावीत आणि कुणाला नाही हे ठरवून वंश 'सुधारायच्या' कल्पनेचा. "आजार टाळा" पासून "अशा लोकांना मुलं होऊ देऊ नका" पर्यंत जायला फार चालावं लागत नाही, आणि चळवळीतले बरेच प्रतिष्ठित लोक गेले. कनेक्टिकटने १९०९ मध्ये, म्हणजे नॅशनल कमिटी निघाली त्याच वर्षी, सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. कॅनडात बीअर्सच्या धर्तीवर १९१८ मध्ये कमिटी काढणारे क्लॅरेन्स हिंक्स हे नसबंदीचे उघड समर्थक होते, अल्बर्टा प्रांताने तसा कायदा १९२८ मध्ये केला आणि तो १९७२ पर्यंत टिकला. चळवळीचा इतिहास सांगताना हे पान चिकटवून टाकायची पद्धत आहे, मी टाकत नाही.

खुद्द बीअर्स? १९३० मध्ये वॉशिंग्टनला मेंटल हायजीनची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तो त्याचा सगळ्यात मोठा दिवस. नंतर आजार परतला, १९३९ मध्ये प्रॉव्हिडन्सच्या बटलर हॉस्पिटलात दाखल झाला आणि १९४३ मध्ये तिथेच गेला. काही लोक हे "शेवटी हरला" अशा सुरात सांगतात, त्यांना मी विचारते की डायबिटीसचा माणूस पंचवीस-तीस वर्षं संस्था चालवून शेवटी हॉस्पिटलात गेला तर तो हरला म्हणाल का?

आता आपल्याकडचं. बीअर्स भोगत होता त्याच काळात आपल्याकडे पण बांधकामं चालू होती, ठाण्याचं मेंटल हॉस्पिटल १९०१ चं, नागपूर आणि रत्नागिरीची त्याच्याही आधीची. कायदा आला तो १९१२ चा इंडियन लुनसी अ‍ॅक्ट, आणि त्याचा सगळा रोख माणसाला आत कसं घ्यायचं यावर, मॅजिस्ट्रेटची रिसेप्शन ऑर्डर, म्हणजे भरतीचा हुकूम, वगैरे. हा कायदा १९९३ पर्यंत चालला हो! १९८७ चा नवा कायदा प्रत्यक्ष लागू व्हायलाच तेवढा वेळ गेला. बीअर्सच्या चळवळीचा धागा आपल्यापर्यंत आला तो मुख्यतः मुलांच्या बाजूने, मुंबईत १९३६ मध्ये टाटांच्या देणगीतून सोशल वर्कची शाळा निघाली, जी आजची टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), आणि तिच्या जोडीने १९३७ मध्ये चाइल्ड गायडन्स क्लिनिक. आमचा सायकियाट्रिक सोशल वर्करचा व्यवसायच एका अर्थी तिथून जन्मला, त्यामुळे मी चळवळीला फार शिव्याही देऊ शकत नाही. हॉस्पिटलांकडे कुणी फारसं बघितलं नाही. देशाच्या आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या १९४६ च्या भोर समितीसाठी मूर टेलर यांनी पाहणी केली तेव्हा अख्ख्या ब्रिटिश हिंदुस्थानात १९ मेंटल हॉस्पिटलं आणि १०,१८१ खाटा निघाल्या, आणि बहुतेक इमारती उपचारासाठी नाही तर कोंडून ठेवण्यासाठी बांधलेल्या.

तिकडे १९५३ मध्ये असायलममधून गोळा केलेल्या बेड्या-साखळ्या वितळवून बाल्टिमोरमध्ये ३०० पौंडांची घंटा ओतली, बीअर्सच्या कमिटीतून झालेल्या संघटनेचं ती आजही चिन्ह आहे. इकडे ऑगस्ट २००१ मध्ये तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना ठेवायच्या एका खाजगी आश्रमात आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं पळता न आल्याने जळून मेली. साखळीने बांधायला स्पष्ट बंदी आली ती २०१७ च्या कायद्यात, कलम ९५. त्याच कायद्यात पेशंटने आधीच लिहून ठेवायची सोय आहे की मला पुन्हा आजार झाला तर कोणते उपचार करा आणि कोणते नको, आणि माझ्या वतीने कोण बोलेल. बीअर्सला हे फार आवडलं असतं, तो तर लिहिणाराच माणूस. पण आमच्याकडे हा फॉर्म भरून ठेवलेला पेशंट क्वचितच दिसतो, कारण भरती होताना कुणी विचारत नाही आणि डिस्चार्जच्या वेळी सगळ्यांना घरी जायची घाई. ज्यांच्या घरी वारंवार ॲडमिट होणारं कुणी आहे त्यांनी माणूस बरा असतानाच हा विषय काढा आणि मेंटल हेल्थ रिव्ह्यू बोर्डाकडे नोंदणी कशी करायची ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

पुस्तक वाचायचं असेल तर कॉपीराइट संपलाय, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे. इंग्रजी जुन्या वळणाचं, पण भावाच्या पत्रापर्यंतचा भाग झरझर जातो. त्यानंतर तो मॅनियात आहे आणि लिहिणंही तसंच धावतं, काही ठिकाणी तर हसू येतं, ते येऊ द्या, त्याला स्वतःलाही येत होतं. नंतरच्या आवृत्त्यांना शेवटी कमिटीच्या कामाची माहिती जोडलेली आहे, ती चाळली तरी चालेल. नातेवाइकांपैकी कुणी वाचणार असेल तर आधी एवढं सांगून ठेवते, सुरुवातीलाच जीव द्यायच्या प्रयत्नाचं बारीक वर्णन आहे, घरात नुकतंच तसं काही घडलं असेल तर ती पानं सोडून पुढे जा.